वारेला लॅटिनमध्ये पोळी म्हणतात

"तोंड दिलंय का न्हाय देवानं हिला?"

लिंगव्वा हे मला सांगत नव्हती, दुसऱ्या आयाबाईला सांगत होती. मी पडद्याच्या अलीकडे ट्रे धूत उभी होते. प्रसूतिकक्षातला माझा तो पहिलाच आठवडा. नळ बंद केला तर मी ऐकते आहे हे त्यांना कळेल, म्हणून धुतलेला ट्रे पुन्हा धुवायला घेतला.

"लई इंग्रजी शिकलीया म्हनं," लिंगव्वा पुढं म्हणाली. "मग हितं कशाला आली रगात पुसायला? हापिसात बसली आसती की पंख्याखाली."

"लाजती गं ती," दुसरी म्हणाली.

"लाजंना बापडी. पन बाळंतिणीला 'जोर लाव माय' म्हनायला तरी त्वांड उघडाय पायजे का न्हाय?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रसूतिकक्षात निम्मं काम हातानं होतं आणि निम्मं तोंडानं. कुणाला दटावायचं, कुणाला चुचकारायचं, कुणाच्या सासूला दाराबाहेर काढायचं. मी हातानं होणारं निम्मं काम करायची. उरलेलं लिंगव्वा माझ्या वतीनं करायची आणि मग माझ्याविषयी असं बोलायची. पुढं आमची गट्टी जमली, पण तिचं हे वाक्य ती शेवटपर्यंत बदलायला तयार नव्हती.

या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी "तुमच्या नोकरीतलं काहीतरी सांगा" म्हटलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे गप्प बसले. मग त्याच म्हणाल्या, "बरं, सांगू नका, लिहा." म्हणून लिहिते आहे. मी काही निवृत्त झालेली नाही, केस पांढरे नाहीत. सोलापुरातल्या एका इस्पितळात परिचारिका आहे, एवढंच. बाळांविषयी सगळेच लिहितात. मी बाळाच्या मागून येणाऱ्या वस्तूविषयी लिहिणार आहे. कुणाला किळस वाटली तर त्यांनी अंकातली पुढची पाककृती वाचावी. पण एक सांगते, हेही एका पाककृतीविषयीच आहे.

मूल जन्मलं की घरची माणसं मुलाकडे बघतात. आम्ही घड्याळाकडे आणि आईच्या पोटाकडे बघतो, कारण अजून वार यायची असते. आईच्या पोटात बाळ नऊ महिने जिच्यातून जेवतं ती वार. नाळेचं एक टोक बाळाच्या बेंबीला, दुसरं वारेला. बाळ बाहेर आलं की तिचं काम संपतं आणि ती आपणहून सुटून येते. घाई करून ओढायची नसते. आमच्या शांता सिस्टर म्हणायच्या, "पाहुणा उठलेला नसताना त्याचं ताट ओढता का? तसंच आहे ते."

ती आली की माझं खरं काम सुरू. आधी नाळ धरून उचलायची, म्हणजे खालचे पातळ पडदे पिशवीसारखे लोंबतात. ते अखंड आहेत का बघायचं. मग दोन्ही तळव्यांवर पालथी पसरायची. आईला चिकटलेली बाजू वर. रक्ताच्या गाठी हलक्या हातानं पुसायच्या. आपली ज्वारीची जाडसर भाकरी असते तेवढी, तशीच गोल. वरून भेगा पडलेल्या. ओंजळ जरा मिटली की त्या भेगा एकमेकींना भिडतात. सगळ्या भिडल्या तर वार पुरी. कुठं एखादी जागा उघडी राहिली, कड कुरतडल्यासारखी दिसली, तर तेवढा तुकडा आईच्या पोटात राहिला. आणि तुकडा आत असेपर्यंत गर्भाशय नीट आवळत नाही, रक्त थांबत नाही. बाळ सुखरूप, आई हसते आहे, घरचे पेढे आणायला गेलेत, आणि खाली रक्त चाललेलं असतं. म्हणून हे बघणं सोडायचं नसतं, आणि बघून झालं की मोठ्यानं सांगायचं असतं, "वार पुरी आहे." हे मोठ्यानं सांगणं हाच माझ्या नोकरीतला सगळ्यात कठीण भाग होता.

आता पाककृती.

मी शिकले ती मुलींची कॉन्व्हेंट शाळा. तिथं मदर क्लारा नावाच्या वृद्ध जोगीण होत्या, इटलीच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या. त्या आम्हाला शिवण शिकवायच्या. मधल्या सुट्टीत मी मैदानावर जायची नाही, शिवणाच्या खोलीत बसायची. त्यांनी मला कधी "बाहेर जा, खेळ" म्हटलं नाही. एक दिवस म्हणाल्या, "तू गप्पच बसणार असशील तर लॅटिन शिक. ती भाषा आता कुणी बोलत नाही. तुला बरं पडेल."

त्यांनी मला पहिल्यांदा चालवून दाखवलेलं नाम होतं प्लाचेंता. चर्चमधला उच्चार असा. अर्थ, चपटी पोळी. मूळ शब्द ग्रीक, सपाट या अर्थाचा. फरशी, फळा, सपाट दगड, सगळे त्याच घराण्यातले. ग्रीकांकडून तो रोमन लोकांनी घेतला आणि आपल्या व्याकरणात बसवला. पोळी म्हणजे साधी नव्हे. पीठ लाटून पातळ थर करायचे, मध्ये ताजं चीज आणि मध घालायचा, थरावर थर चढवून भाजायचं. "आम्ही देवाला दाखवायचो," मदर म्हणाल्या, जणू दोन हजार वर्षांपूर्वी त्या स्वतःच चुलीपुढं बसल्या होत्या. मी म्हटलं, "पुरणपोळीसारखं." शाळेत मी आपणहून बोललेल्या मोजक्या वाक्यांपैकी ते एक. मदरना पुरणपोळी ठाऊक होती. त्यांनी जरा विचार केला आणि मान्य केलं.

व्याकरण सोपं होतं. आपल्याकडे पोळी, पोळीला, पोळीने, पोळीचा होतं, तसंच तिथं शब्दाचं शेपूट बदलतं. शेवटी 'आ' असलेल्या नामांचा एक मोठा गट आहे, त्यातली बहुतेक स्त्रीलिंगी. पोळी स्वतः काही करत असेल तर प्लाचेंता. पोळीला कुणी खाल्लं तर प्लाचेंताम. पोळीचा तुकडा म्हणायचं तर प्लाचेंते. अनेक पोळ्या असतील तरी प्लाचेंते, ते संदर्भानं ओळखायचं. शेवटी संबोधन, म्हणजे हाक मारायचं रूप. तिथं मी दर वेळी थांबायची.

"म्हण की," मदर म्हणायच्या.

"पोळीला कोण हाक मारणार, मदर?"

"हाक कधी मारावी लागेल ते आधी कळत नाही. रूप तयार असावं."

मी ते तोंडातल्या तोंडात म्हणायची. त्या "मला ऐकू आलं नाही" म्हणायच्या आणि सुई ओवायला घ्यायच्या.

पुढं नर्सिंगला गेल्यावर ट्यूटर सिस्टरांनी पहिल्यांदा ट्रेमध्ये ती वस्तू आमच्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "हा प्लॅसेंटा." मुलींनी नाकाला पदर लावले. एकीला बाहेर न्यावं लागलं. मी मात्र त्या ट्रेकडे बघतच राहिले. ही तर माझी पोळी होती. नंतर शोधलं तेव्हा कळलं, काही शतकांपूर्वी एका इटालियन वैद्यानं तिचं हे नाव ठेवलं, गर्भाशयातली पोळी. परक्या शहरात आपल्या गल्लीतलं माणूस अचानक भेटावं तसं मला झालं. त्या दिवसापासून मला तिची किळस कधी आली नाही. आणि मराठीतली वारसुद्धा स्त्रीलिंगीच, याचाही उगीचच आनंद झाला.

या ज्ञानाचा उपयोग मात्र पहिल्यांदा झाला तो फजिती व्हायला. तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "प्लॅसेंटा म्हणजे काय?" घाबरले की मला जे सगळ्यात पक्कं पाठ असतं ते बाहेर पडतं. मी म्हटलं, हे लॅटिन नाम आहे, स्त्रीलिंगी, पहिल्या गटातलं, मूळ ग्रीक, अर्थ चपटी पोळी. डॉक्टरांनी चष्मा काढला. "छान. आता मला सांगा, बाळ त्याच्यातून जेवतं की त्याचं व्याकरण करतं?" दाराशी उभ्या असलेल्या मुलींनी ते ऐकलं आणि मी लॅटिनबाई झाले. इस्पितळात मी पोचायच्या आत ते नाव पोचलं होतं.

एकदा मात्र त्या शब्दानं मला एक मैत्रीण मिळवून दिली, अर्ध्या तासापुरती. अकलूजकडं ऊसतोडीच्या हंगामात आलेली बाई होती. चौथी मुलगी झाली म्हणून बाहेर बसलेली माणसं चहा प्यायला गेली ती आलीच नाहीत. मी वार तपासत होते. ती मान वर करून बघत होती.

"दाव की बाई, काय आसतंय ते."

मी ट्रे तिच्याजवळ नेला. बाळाकडची बाजू वर केली. त्या बाजूला नाळेपासून शिरा फुटून पसरलेल्या असतात.

"झाडागत हाय की," ती म्हणाली. मग मी उलटी बाजू दाखवली. "आन् हिकडनं भाकरीगत."

मी हळूच सांगितलं की लांब परदेशात हिला पोळीच म्हणतात, त्यावरून डॉक्टरी नाव पडलं.

"मग कुनीतरी बाईनंच ठिवलं आसंल नाव," ती म्हणाली. "पुरुषाला बाळंतिणीपुढं पोळी कुटनं आठवंल?"

ते नाव पुरुषानं ठेवलं हे मी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी तिच्या वाट्याला तेवढंच हसू आलं होतं, त्यात दुरुस्ती करायची काही गरज नव्हती.

आमच्या घराविषयीही दोन ओळी लिहायला हव्यात. वडील रेल्वेत होते. आई मी शाळेत असताना गेली. रेल्वे लाइन्सच्या बाजूला आमचं लहानसं घर आहे, पुढं अंगण, दाराशेजारी कडुलिंब. वडील माझ्याहून कमी बोलतात. आमच्या फाटकाची कडी दूधवाला आणि पोस्टमन यांच्याखेरीज कुणी काढायचं नाही. मी कुठं राहते ते इस्पितळात कुणाला ठाऊक नव्हतं, मीच ते कळू दिलं नव्हतं. सध्या त्या कडुलिंबाखाली शहाबादी फरशीचा एक चौकोनी तुकडा बसवलेला आहे. वडील संध्याकाळी झाडाला पाणी घालतात तेव्हा फरशीवरही तांब्याभर ओततात. का ते शेवटी येईल.

आता महादेवीची गोष्ट.

अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली ही मुलगी, अंगानं किडकिडीत, दम्याची. तिच्याबरोबर तिची सासू नीलव्वा आली होती. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर विभूती, मांडीवर नवं कोरं गाडगं. गाडगं कशाला ते आम्हाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत वार टाकून देत नाहीत. गाडग्यात घालून, हळद-कुंकू आणि कडुलिंबाचा पाला ठेवून, तोंड फडक्यानं बांधून घरी नेतात आणि दिवस मावळायच्या आत दाराशी पुरतात. ज्या दारात वार पुरली ते लेकरू त्या दारचं. गाठ एकदा मारली की खड्ड्यापुढंच सुटते, मध्ये कुणाची नजर पडू द्यायची नाही. इस्पितळाचा नियम वेगळा होता, पण लिंगव्वाचा नियम असा की सिस्टरनं बघितली म्हटल्यावर मागेल तिला द्यायची. शांता सिस्टर तिकडे काणाडोळा करायच्या.

त्या दुपारी दोन टेबलांवर दोघी एकदमच आल्या. दुसरीचं मूल आडवं होतं. डॉक्टरीणबाई आणि शांता सिस्टर तिच्याकडे. महादेवीला मुलगी झाली आणि ती रडेना. मी तिला पालथी घेऊन पाठ चोळत होते, तोंडातला चिकटा काढत होते. लिंगव्वानं महादेवीची वार ट्रेमध्ये घेऊन खिडकीपाशी ठेवली. पोरगी निळसर होती, मग जांभळट झाली, मग एकदाची किंचाळली. तेव्हा माझं लक्ष पुन्हा ट्रेकडे गेलं. तो रिकामा होता, धुऊन पालथा घातलेला.

"दिली की," लिंगव्वा म्हणाली. "रडाय लागली हुती म्हातारी, अक्कलकोटची गाडी चुकंल म्हनून. तू बघितलीच आसशील की."

"नाही."

"आगं, तू काय बोल्ली न्हाईस, मी म्हटलं बघितली. तू बघितल्यावर तरी कुटं बोलतीस?"

यात तिला दोष कसा देऊ? माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावायची सवय सगळ्यांना मीच लावली होती. रोज तो अर्थ बरोबर निघायचा.

डॉक्टरीणबाई या टेबलाकडे आल्या तेव्हा महादेवीचं रक्त थांबलं नव्हतं. धो धो नव्हतं, पण थांबलंही नव्हतं. पोटावर हात ठेवला की गर्भाशय घट्ट लागायचं, जरा वेळानं पुन्हा सैल. तिची छाती सूं सूं वाजत होती.

"वार पुरी होती?" त्यांनी विचारलं.

 मग लिंगव्वानंच सगळं सांगितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "तुकडा राहिला असेल तर भूल देऊन तो काढायलाच हवा," त्या म्हणाल्या. "पण हिची छाती बघा. या छातीला भूल म्हणजे जिवाशी खेळ. पुरी असेल तर मी तिला भूल देणार नाही, इंजेक्शनवर ठेवीन. वार बघितल्याशिवाय ठरवू कसं?" त्यांनी सलाइन लावायला सांगितलं. "कुणीतरी जा. मी फार वेळ थांबणार नाही."

शांता सिस्टर हलू शकत नव्हत्या. लिंगव्वाचे गुडघे दुखतात. उरले मी.

"अव्वा म्हनून हाक मार," लिंगव्वा मागून ओरडली. "हिरवं लुगडं हाय!"

टांगेवाल्यानं माझा रक्ताचे डाग पडलेला एप्रन बघितला आणि विचारलं, "किधर कू, बाई?" मी म्हटलं एस.टी. स्टँड. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. "जरा जोर से बोलो ना बाई, घोड़ा भी सुनता है." तिसऱ्यांदा म्हटलं ते घोड्यालाही ऐकू गेलं असावं.

स्टँडवर अक्कलकोटची गाडी भरून उभी होती. खिडक्यांतून निम्मी लुगडी हिरवीच. मी गाडीच्या बाजूनं एकदा पुढं गेले, एकदा मागं आले. गाडीत चढून एकेकीचं तोंड बघायला जागा नव्हती, दारातच लोक लोंबत होते. कंडक्टर तिकिटांची पेटी खटखटवत होता.  मदर क्लारा सुई ओवत बसल्या आहेत आणि त्यांना काही ऐकू येत नाही, असं काहीतरी डोळ्यांपुढं आलं.

"अव्वा!" मी ओरडले.

गाडीतल्या सात-आठ बायकांनी एकदम बाहेर बघितलं. सोलापुरात अक्कलकोटच्या गाडीपुढं अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणून हाक मारल्यावर दुसरं काय होणार? पण त्यांच्यात मागच्या खिडकीपाशी नीलव्वाही होती. मांडीवर पदराखाली गाडगं.

"काय झालं गं? महादेवी बरी हाय न्हवं?"

मी खिडकीच्या गजाला धरलं. "बरी नाही. रक्त थांबत नाहीये. तुम्ही उतरा. ती वार बघायला पाहिजे."

तिनं गाडगं दोन्ही हातांनी जवळ घेतलं. "गाठ मारलीया यव्वा. आता सुटत न्हाय ती."

तेव्हा पुस्तकातला एकही शब्द माझ्या कामाचा नव्हता. मला पोळीच आठवली, आणि तिच्या घरात रोज होत असेल ती भाकरी. मी म्हटलं, "अव्वा, वार म्हणजे भाकरीसारखी असते. तव्यावरून काढताना भाकरीची कड तव्याला चिकटून राहते की नाही? मग भाकरी तुटकी निघते. तसा वारेचा तुकडा महादेवीच्या पोटात चिकटून राहिला असेल. भाकरी बघितल्याशिवाय तव्यावर काय राहिलं ते कसं कळणार? डॉक्टरीणबाई त्यासाठीच थांबल्यात."

तिला ते कळलं. मला तिच्या तोंडावरून दिसलं. पण ती उठली नाही.

"तू म्हंतीस ते खरं आसंल," ती म्हणाली. "पन माझं बी ऐक. पयल्या खेपंला दुसऱ्या दवाखान्यात बाळंत झाली ती. तिथल्यांनी वार कुटं टाकली कुनाला म्हाईत. कुत्र्यांनी न्हेली म्हनं. पोरगं पाळण्यातच गेलं. तवापासनं ही पोरगी धड जेवली न्हाय. ह्या खेपंला मी तिला बोलून बसले, तुझी वार मी सोता दारात पुरती म्हनून. ही गाडी सोडली तर दिवस मावळायच्या आत कुटलं दार? सांग की. परक्या गावात कुनाचं दार हाय मला?"

"बाई, चढायचं का उतरायचं ते ठरवा," कंडक्टर म्हणाला. "माझी गाडी व्याली नाही अजून, वेळेवर सोडायचीय."

बायका हसल्या. नीलव्वा हसली नाही, मीही नाही. वार कुठं पुरली यानं मूल जगत नाही आणि मरत नाही, हे मला शिकवलेलं होतं. पण ते त्या खिडकीतून आत सांगण्यासारखं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती माझ्यापाशी होती हे मला त्या क्षणाला कळलं. माझ्या फाटकाची कडी मला दिसली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे गेला.

काय झालं ते आधी सांगून टाकते, मग पुन्हा त्या खिडकीशी येते. नीलव्वा उतरली. टांग्यात गाडगं तिच्याच मांडीवर होतं. प्रसूतिकक्षाच्या कोपऱ्यात तिनं स्वतःच्या हातानं गाठ सोडली आणि म्हणाली, "तूच बघ. दुसऱ्या कुनाची नजर नको." मी वार तळव्यांवर घेतली, हळद पुसली, ओंजळ मिटली. सगळ्या भेगा भिडल्या, कडेची एक सोडून. तिथं सुपारीएवढी जागा उघडी होती. मी डॉक्टरीणबाईंना ते सांगितलं, आणि पडद्यापलीकडून लिंगव्वा म्हणाली की तिला पहिल्यांदाच माझा आवाज नीट ऐकू आला. त्यांनी भूल जेवढ्यास तेवढी दिली, तुकडा काढला. दोन रात्री महादेवीच्या छातीनं आम्हा सगळ्यांना झोपू दिलं नाही. मग ती उठून बसली आणि तिनं भात मागितला.

पोरीचं नाव पार्वती. आता चांगली तुरुतुरु चालते. दर वर्षी वेळ अमावास्येला शेतातली पूजा उरकली की दुसऱ्या दिवशी नीलव्वा तिला घेऊन येते, फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणते, आणि फाटकाची कडी स्वतःच काढते. पार्वती धावत जाऊन फरशीवर बसते आणि कुणाला तिथं बसू देत नाही. वडील तिच्याशी बोलतात. काय बोलतात ते मला ऐकू येत नाही, पण बराच वेळ बोलतात. मदर क्लारांना हे कळवायला हवं होतं. त्या पूर्वीच गेल्या होत्या.

पण तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घंटीची दोरी ताणलेली, नीलव्वाची बोटं गाडग्याभोवती, सगळी गाडी माझ्याकडे बघते आहे. मी गज सोडला नाही. म्हणाले, आणि मोठ्यानं म्हणाले,

"अव्वा, आमच्या घराला अंगण आहे. दाराशी कडुलिंब आहे. आधी महादेवीकडे चला, मग दिवस मावळायच्या आत आपण दोघी मिळून ती माझ्या दारात पुरू. तुमचं लेकरू माझ्या दारचं. उतरा."